शेजारच्या गॅरेजमधला माणूस

आमच्या सोसायटीत फॉर्म्युला वन बघणारा मी एकटाच होतो, तेव्हापासूनचा हा नाद. रविवारी संध्याकाळी साडेपाचला लोक चहा घेऊन फिरायला निघायचे आणि मी दार लोटून टीव्हीसमोर बैठक मारायचो. "गाड्या गोल गोल फिरतात, त्यात बघायचं काय?" असं घरातूनच इतक्यांदा विचारलं गेलं की उत्तर द्यायचंच मी सोडून दिलं. खरं सांगायचं तर गाड्यांकडे माझं फारसं लक्ष नसतं. मी बघतो ती एकाच रंगाच्या दोन गाड्यांतली दोन माणसं. दोघांची टीम एक, गाडी तीच, इंजिन तेच. तरी एक पुढे जातो आणि एक मागे पडतो. का? पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसात सारी नोकरी काढली, तिथेही शेजारच्या टेबलाकडे बघताना मनात हाच प्रश्न असायचा. आता निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे, म्हणून साठलेलं थोडं लिहून ठेवतो. उपदेश वगैरे नाही. सोफ्यावर रेलून बसलेल्या माणसाने ताशी तीनशे किलोमीटरने जाणाऱ्यांच्या नावावर कुणाला उपदेश करू नये, एवढी अक्कल मला आहे.

१. जगज्जेतेपद ही पुढची गोष्ट, पहिली लढत शेजारच्या गॅरेजशी असते. बाकी कुणाकडून हरलं तर गाडीवर ढकलता येतं. त्यांचं इंजिन दमदार, त्यांच्याकडे पैसा जास्त, आमचं नशीब फुटकं. टीममेटकडून हरलं की ढकलायला जागाच उरत नाही. त्यात दोघांची टेलिमेट्री एकमेकांना उघडी. कुठल्या वळणाआधी कोणी किती मीटरवर ब्रेक दाबला, थ्रॉटल केव्हा उघडला, स्टिअरिंग किती वळवलं, सगळं एकाच पडद्यावर दोन रंगांच्या रेघांनी मांडलेलं असतं. आपण नेमके कुठे कमी पडलो हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत दिसतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटाच आला. तुमचं आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं दिवसभराचं काम रोज संध्याकाळी साहेब एकावर एक ठेवून बघणार, असा नियम निघाला तर? आमच्या ऑफिसातले निम्मे लोक आठवड्याभरात राजीनामा देऊन गावाकडे शेतीला लागले असते. मी पहिल्या एसटीने.

२. ज्याला एखादी गाडी सर्वांत सहज चालवता येते, तोच त्या गाडीत सर्वांत खोल रुतलेला असतो. सेबॅस्टियन व्हेटेलवरून हे लक्षात आलं. २७ ऑक्टोबर २०१३ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर त्याने सलग चौथं जगज्जेतेपद पक्कं केलं. शर्यत संपल्यावर प्रेक्षकांसमोर गाडी गरगर फिरवली, टायरच्या धुराचे लोट काढले, मग खाली उतरला आणि गाडीपुढे गुडघे टेकून वाकला. भारतात झालेल्या तिन्ही ग्रां प्री त्यानेच जिंकल्या होत्या, त्यामुळे ते लोटांगण म्हणजे आपल्या मातीचा गुण, असं आम्ही खुशाल ठरवून टाकलं. आता वाटतं, तो देणं मान्य करत होता. रेड बुलच्या त्या काळातल्या गाड्या एग्झॉस्टचा गरम झोत मागच्या चाकांजवळ, जमिनीलगत सोडायच्या. थ्रॉटल दाबलेला असला की गाडीचा मागचा भाग रस्त्याला धरून राहायचा. म्हणजे मागून गाडी सुटतेय असं वाटल्यावर जो पाय आपसूक वर यायला बघतो, तो दाबून धरायचा. व्हेटेलच्या पायाला ते वळण लागलं. त्याचा टीममेट मार्क वेबर २०१० मध्ये त्याच्या फक्त १४ गुण मागे होता, २५६ विरुद्ध २४२. तीन वर्षांनी तेच अंतर ३९७ विरुद्ध १९९ झालं. वेबर काही मधल्या काळात गाडी चालवायला विसरला नव्हता. गाडी एकाच्या हाताला बसत गेली आणि दुसऱ्याच्या हातून सुटत गेली, इतकंच.

३. आपण ज्याला कर्तृत्व म्हणतो त्यातलं किती आपलं आणि किती त्या वेळच्या नियमांचं, हे नियम बदलेपर्यंत कळत नाही. २०१४ मध्ये फॉर्म्युला वनने २.४ लिटरचं व्ही-८ इंजिन काढून १.६ लिटरचं टर्बो हायब्रिड आणलं. एग्झॉस्टचा पाइप गाडीच्या मधोमध, एकच, मागच्या बाजूला असा सक्तीचा केला. तो गरम झोत गेला आणि त्याबरोबर मागच्या चाकांची पकडही गेली. मागचे ब्रेक इलेक्ट्रॉनिक्सच्या ताब्यात गेले, त्यामुळे पायाखालची जाणीवसुद्धा बदलली. त्याच वर्षी वेबरच्या जागी टोरो रोसोतून डॅनियल रिकार्डो आला. चोवीस वर्षांचा, कानापर्यंत हसणारा ऑस्ट्रेलियन पोरगा. चार वेळच्या जगज्जेत्यासमोर याचं काय होणार, अशी काळजी मी मनापासून केली होती. वर्षअखेर रिकार्डो २३८, व्हेटेल १६७. त्या मोसमात १९ पैकी १६ शर्यती मर्सिडीजने जिंकल्या आणि उरलेल्या तिन्ही या पोराने: कॅनडा, हंगेरी, बेल्जियम. व्हेटेलची एकही नाही. त्याची गाडी जास्त वेळा बिघडली हे खरं, पण ७१ गुणांचा फरक नुसत्या बिघाडांनी भरून निघत नाही.

४. हरणाऱ्या माणसाबद्दल "याचं मन उडालं" म्हणायला काहीच खर्च येत नाही, म्हणून ते आपण सर्वांत आधी म्हणतो. त्या वर्षी आम्हा बघणाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं: चार किताब झाले, पोट भरलं, आता कशाला जीव काढेल? मीही ते दोन-चार जणांना ऐकवलं, आणि ऐकवताना आपल्याला माणसं फार कळतात असं वाटून बरंही वाटलं. पण त्याच वर्षीची चीनमधली शर्यत आठवून बघा. टीमने रेडिओवर सांगितलं, रिकार्डो तुझ्यापेक्षा वेगात आहे, त्याला पुढे जाऊ दे. व्हेटेलने आधी चौकशी केली, त्याच्या गाडीला टायर कुठले आहेत म्हणून, आणि उत्तर ऐकून झटकून टाकलं. थोड्या वेळाने जाऊ दिलं ते निराळं. ज्याचं मन उडालंय तो चौथ्या-पाचव्या नंबरासाठी एवढा हट्ट कशाला धरेल? पुढच्या वर्षी तो फेरारीत गेला आणि दुसऱ्याच शर्यतीत, मलेशियात, दोन्ही मर्सिडीजना मागे टाकून जिंकला. तीन-चार महिन्यांत नवं मन कुठून आणलं त्याने? मन होतंच. हाताखालची गाडी बदलली होती.

५. हे मी टीव्हीवर बघण्याच्या कितीतरी आधी माझ्या शेजारच्या टेबलावर घडलं होतं, फक्त तेव्हा त्याला नाव देता आलं नाही. आमच्या ड्रॉइंग ऑफिसातल्या हेड ड्राफ्ट्समनना सगळे अण्णा म्हणायचे. ड्रॉइंग बोर्डवर ड्राफ्टर धरून ते उभे राहिले की नवी पोरं काम सोडून बघत बसायची. ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंग पेनने ओढलेली त्यांची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. चुकलंच तर अर्ध्या ब्लेडने शाई अशी खरवडायचे की कागदाला कळू नये. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आला, ऑटोकॅड आलं, आणि शिकायला म्हणून मला बसवलं. वर्षभरात माझी ड्रॉइंग्ज अण्णांच्या दुप्पट वेगाने निघायला लागली. अण्णा मात्र माउस धरायचे तो पेन धरल्यासारखा, टोकाशी, आणि पडद्यावरचा बाण टेबलाखाली पळाल्यासारखा शोधत बसायचे. "अण्णांचा इंटरेस्ट संपला, रिटायरमेंट जवळ आलीय ना," असं कँटीनमध्ये बोललं जायचं. ते अण्णा पुढचे कितीतरी महिने सुट्टीच्या दिवशीसुद्धा ऑफिसात येऊन, कुणी बघत नाही अशा वेळी, सरावासाठी एक नट आणि एक बोल्ट काढत बसत. मला वॉचमनने सांगितलं. मी हुशार ठरलो तो हात नवा होता म्हणून, तो कशाचाच झालेला नव्हता म्हणून. त्या पगारवाढीतली निम्मी रक्कम खरं तर नियम बदलणाऱ्याची होती.

६. नव्याला नुसतं शिकायचं असतं, जुन्याला आधी पुसायचं असतं, आणि तेवढ्यात नवा दोन वळणं पुढे गेलेला असतो. २०१४ ची हंगेरीची शर्यत मी अजून मिळेल तेव्हा बघतो. शेवटचे थोडे लॅप उरलेत, पुढे अलोन्सो, त्याच्यामागे हॅमिल्टन, दोघेही जगज्जेते, आणि त्यांच्यामागे रिकार्डो ताज्या टायरवर. आधी हॅमिल्टन, मग अलोन्सो, दोघांनाही त्याने असं मागे टाकलं की काय झालं हे समजायला त्यांना वेळच मिळाला नाही. उशिरापर्यंत ब्रेक न दाबता आत घुसायचं, आणि तरी गाडी वळणातच ठेवायची. व्ही-८ च्या काळातलं कुठलंही वैभव त्याला विसरायचं नव्हतं, कारण त्याने ते भोगलंच नव्हतं. भूक आणि कोरी पाटी या दोन वेगळ्या गोष्टी. त्या एकाच माणसात एकाच वर्षी सापडल्या की आपण त्याला प्रतिभा म्हणून मोकळे होतो. प्रतिभा होतीच. पण तिला मुहूर्त चांगला लागला.

७. आकडा खोटं बोलत नाही, पण तो सगळंही सांगत नाही. दोन उदाहरणं माझी फार लाडकी. पहिलं आपलं. २०११ मध्ये एचआरटी या अगदी मागच्या टीमने आपल्या नरेन कार्तिकेयनला मोसमाच्या मधेच उठवून त्याच्या जागी बसवलं कुणाला, तर याच रिकार्डोला. मग ऑक्टोबरात भारतात पहिली ग्रां प्री झाली तेव्हा टीमने नरेनला त्या शर्यतीपुरतं परत बोलावलं. दोघे टीममेट. निकाल: कार्तिकेयन सतरावा, रिकार्डो अठरावा. आमच्या घरी पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. पुढे आठ ग्रां प्री जिंकणाऱ्या माणसाला त्या दिवशी एका भारतीयाने मागे ठेवलं, हे खरंच आहे. त्यावरून काय सिद्ध होतं, ते मात्र मला विचारू नका. दुसरं उदाहरण १९८८ चं. मॅकलॅरेनमध्ये आयर्टन सेन्ना आणि ॲलेन प्रॉस्ट. १६ पैकी १५ शर्यती या दोघांनी वाटून घेतल्या, सेन्नाच्या ८, प्रॉस्टच्या ७. गुणांची सरळ बेरीज केली तर प्रॉस्ट १०५, सेन्ना ९४. पण त्या काळी सर्वोत्तम ११ निकालच धरायचे, म्हणून हिशेब झाला सेन्ना ९० आणि प्रॉस्ट ८७. जगज्जेता सेन्ना. प्रॉस्ट ज्या १४ शर्यती पूर्ण करू शकला, त्या प्रत्येकीत पहिला किंवा दुसरा आला होता, आणि तरी हरला. सातत्याला मोजणारी पट्टीच त्या वर्षी आखूड होती.

८. दुसऱ्याची जागा घेताना आपण विसरतो की ती खुर्ची फिरती असते. २०२१ मध्ये रिकार्डो मॅकलॅरेनमध्ये आला. तिथे लँडो नॉरिस आधीपासून होता. २०१९ मध्ये त्याचं पदार्पणच या टीममध्ये झालेलं, त्यामुळे त्याचा हात याच गाड्यांवर घडला होता. गाडीला वळणात शिरताना ब्रेक सोडण्याची एक खास तऱ्हा लागायची, आणि रिकार्डोच्या अंगभूत सवयीच्या ती नेमकी उलट होती. मोनॅकोची शर्यत डोळ्यांसमोरून जात नाही. फिकट निळ्या आणि केशरी रंगात खास रंगवलेल्या दोन्ही मॅकलॅरेन इतक्या देखण्या दिसत होत्या. त्यातली एक दुसरीच्या मागून आली आणि तिला चक्क एका लॅपने मागे टाकून निघून गेली. नॉरिस तिसरा, रिकार्डो बारावा. याच अरुंद गल्ल्यांत तीन वर्षांपूर्वी, २०१८ मध्ये, इंजिनाची विजेची बाजू निकामी होऊन ताकदीचा मोठा हिस्सा गेलेला असताना, वरचे गिअर न वापरता रिकार्डोने ग्रां प्री जिंकली होती. माणूस तोच, रस्ता तोच. माझी भाची तेव्हा नेटफ्लिक्सवरची मालिका बघून नुकतीच या खेळाकडे वळली होती. ती म्हणाली, "मामा, तुमचा रिकार्डो संपला. त्याच्यात आता ती आगच नाही." मी काही बोललो नाही. तोपर्यंत आमच्या ऑफिसात ऑटोकॅड मागे पडून सगळं काम थ्री-डी मॉडेलिंगवर गेल्याला बरीच वर्षं झाली होती, आणि मला तिथल्या शेजारच्या टेबलावरची पंचविशीतली मुलगी आठवली. मी एक भाग मॉडेल करेपर्यंत तिची पूर्ण असेंब्ली तयार असायची. कँटीनमध्ये माझ्याबद्दल काय बोललं जात असेल, ते मला वॉचमनने सांगायची गरज नव्हती.

९. एक चांगला दिवस माणसाला जितकं फसवतो तितके दहा वाईट दिवस फसवत नाहीत. १२ सप्टेंबर २०२१, मोंझा. रिकार्डो सुरुवातीलाच रेड बुलच्या व्हरस्टॅपेनच्या पुढे सटकला, मध्यावर व्हरस्टॅपेन आणि हॅमिल्टन एकमेकांवर आदळून बाहेर गेले, आणि हा शेवटपर्यंत पुढे राहिला. शेवटच्या लॅपला सर्वांत वेगवान वेळही त्याचीच. नॉरिस दुसरा. २०१२ च्या ब्राझीलनंतर मॅकलॅरेनचा तो पहिला विजय. पोडियमवर त्याने नेहमीप्रमाणे बुटात शॅम्पेन ओतून प्यायली आणि मी भाचीला फोन करून फार शहाणपणाने म्हटलं, "बघ, हात बसला!" हात बसला नव्हता. मोंझा म्हणजे लांबच लांब सरळ पट्टे आणि मोजकी वळणं. जिथे गाडी अवघड जायची, ती वळणं तिथे कमी होती. त्या वर्षीचा हिशेब नॉरिस १६०, रिकार्डो ११५. पुढच्या वर्षी नॉरिस १२२, रिकार्डो ३७, आणि करार एक वर्ष उरलेला असताना टीमने त्याला निरोप दिला. या सगळ्या काळात तो कॅमेऱ्यासमोर हसतच होता. चेहऱ्यावरून मन ओळखण्याचा माझा जो काही धंदा होता, तो मी तेव्हाच बंद केला.

१०. मन लावण्यालाही किंमत पडते, आणि ती गाडीच्या नव्हे, माणसाच्या खात्यातून जाते. लुइस हॅमिल्टन आणि निको रोझबर्ग लहानपणी कार्टिंगमध्ये एका टीममध्ये होते, मोठेपणी मर्सिडीजमध्ये पुन्हा समोरासमोर आले. २०१४ हॅमिल्टनचं, २०१५ हॅमिल्टनचं. रोझबर्गच्या वडिलांनी, केकेंनी, १९८२ मध्ये जगज्जेतेपद मिळवलेलं, त्यामुळे घरातच पट्टी लावलेली. २०१६ मध्ये रोझबर्गने ठरवलं की आता काहीही शिल्लक ठेवायचं नाही. मांड्यांचे स्नायू म्हणजे वजन, म्हणून सायकल चालवणं सोडलं. हेल्मेटवरचा रंग काढून काही ग्रॅम वाचवले. मनाच्या तयारीसाठी ध्यान आणि वेगळा प्रशिक्षक. जपानमध्ये सुझुकाला त्याने पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, मिळवली ती हॅमिल्टनपेक्षा ०.०१३ सेकंदाने. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. हॅमिल्टनचं इंजिन मलेशियात पुढे असताना जळलं, तेही रोझबर्गच्या पथ्यावर पडलं. अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीनंतर गुण झाले ३८५ विरुद्ध ३८०, तेही हॅमिल्टनने त्याच्यापेक्षा एक शर्यत जास्त जिंकलेली असताना. आणि पाचच दिवसांनी, २ डिसेंबरला, एकतिसाव्या वर्षी, रोझबर्गने खेळ सोडल्याचं जाहीर केलं. मी पेपर खाली ठेवून बराच वेळ बसलो. आमच्या पिढीला शिकवलं होतं की जिद्द वापरावी तितकी वाढते. या माणसाने ती मोजून आणली, एका वर्षात सगळी खर्च केली आणि पावती घेऊन घरी गेला. हॅमिल्टन पुढची चार वर्षं सलग जिंकत राहिला. दोघांच्या जिद्दीची जातच वेगळी होती, आणि त्यातली कुठली श्रेष्ठ हे मला आजही सांगता येत नाही.

११. आज पुढे आहे तो उद्याही पुढे असेल, असं टीममेटच्या बाबतीत तरी धरून चालू नये. २०२५ मध्ये भाचीचा नॉरिस त्याच मॅकलॅरेनमध्ये ऑस्कर पियास्त्रीच्या मागे पडला. नेदरलँड्सच्या शर्यतीत गाडी बंद पडली तेव्हा तो ३४ गुणांनी मागे होता. पियास्त्री थंड डोक्याचा, नॉरिस हळवा, त्याच्यात जगज्जेत्याची भूक नाही, असं पुन्हा सगळीकडे सुरू झालं. खरी गोष्ट बरीचशी लोखंडाची होती. त्या वर्षीच्या गाडीचं पुढचं टोक काय करतंय हे नॉरिसच्या हातांना नीट कळत नव्हतं. कॅनडापासून टीमने पुढच्या सस्पेन्शनचा एक बदललेला भाग आणला, तो नॉरिसने घेतला, पियास्त्रीने नाही घेतला. मोसमाच्या उत्तरार्धात ऑस्टिन आणि मेक्सिकोला रस्त्याची पकड कमी होती, तिथे उलट पियास्त्रीलाच गाडी ऐकेना. शेवटी जगज्जेता झाला तो नॉरिस, व्हरस्टॅपेनपेक्षा दोन गुणांनी पुढे, आणि पियास्त्री तिसरा. ज्याला भूक नाही म्हणत होते, त्याने ३४ गुणांची खाई भरून काढली. भाचीचा फोन आला. मी म्हटलं, "अगं, मी तेव्हाच सांगत होतो." असं काही मी सांगितलं नव्हतं, पण मामाला एवढी सूट असते.

१२. एवढ्या वर्षांच्या बघण्यातून माझा निवाडा एकच आहे. हात बसणं आणि मन लागणं बाहेरून सारखंच दिसतं, म्हणून आपण हाताचा दोष मनाच्या माथी मारतो. व्हेटेल हरला तेव्हा त्याचं मन उडालं म्हणालो, रिकार्डो हरला तेव्हा आग विझली म्हणालो, नॉरिस मागे पडला तेव्हा भूक नाही म्हणालो, अण्णांना तर रिटायरच करून टाकलं. यातल्या प्रत्येकाला अजून जिंकायचं होतं, अण्णांना तो नट आणि बोल्टसुद्धा. आणि ज्याचं मन खरोखर भरलं होतं, तो एकटा रोझबर्ग. तो जिंकलेला होता, आणि त्याने ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तेव्हा तुमच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस यंदा मागे पडलेला दिसला, तर त्याच्या मनाची चौकशी नंतर करा. आधी त्याच्या हाताखालचं काय बदललं ते बघा.